पायी गोव्याला

नोव्हेंबर महिना अर्ध्यावर आला की आमच्या धर्मग्रामात एक प्रश्न दरवर्षी नव्याने ऐकू येतो. विचारणारे बहुधा शहाणेसुरते, संसारी गृहस्थ असतात. ते म्हणतात, "फादर, निपाणीहून पहाटे गाडीत बसलेला माणूस दुपारच्या जेवणाला जुन्या गोव्यात पोचतो. मग संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला आठवडाभर पाय झिजवीत जाण्यात काय पुण्य साठले आहे? तेवढे दिवस घरी राहून प्रार्थना केली, चार पैसे गरिबाला दिले, तर देव रागावेल काय?"

प्रश्न उद्धटपणाचा नाही. मजुरीवर पोट असणाऱ्या घरात आठ दिवसांचा खाडा ही लहानसहान गोष्ट नव्हे. आणि देव रागावणार नाही, हेही खरेच. यास्तव या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देण्याचे मी टाळतो. वाचकहो, वाटेवरचा दिवस कसा उगवतो व कसा मावळतो, एवढेच आज आपणांपुढे ठेवतो. खाडा करावा की न करावा, याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या घरी करावा.

प्रथम वाट सांगतो. निपाणी ते बेळगाव हे अंतर सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आहे. तवंदीचा घाट चढून संकेश्वर, तेथून हत्तरगी, पुढे वंटमुरीचा घाट आणि काकतीवरून बेळगाव. बेळगावाहून जांबोटी, कणकुंबी असे जंगलात शिरून चोर्ला घाट उतरावा, म्हणजे केरी, साखळी, आमोणे या गावांवरून जुने गोवे येते. हा दुसरा भाग शंभर किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. बेळगाव-खानापूर भागातून, तसेच सावंतवाडीकडूनही, भाविक लोक या सणासाठी पायी जातात. 1953 साली बेळगावचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्यापूर्वी या बाजूच्या अनेक ख्रिस्तमंदिरांचा कारभार गोव्याच्या महाधर्मप्रांताकडेच होता. घाटाखालचे गोवे आमच्या वाडवडिलांना परके कधी वाटले नाही, त्याचे हेही एक कारण असावे.

ज्यांच्या सणाला जायचे ते संतही चालणारेच होते. 6 मे 1542 रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले आणि थोड्याच महिन्यांत दक्षिणेच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वस्त्यांकडे गेले. तेथे ते गावोगाव पायीच फिरत. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर त्यांचा अंत झाला. बाणवलीस जन्मलेले संत जोसेफ वाझ 1686 साली गोवा सोडून निघाले, ते अनवाणी चालत दक्षिणेस जाऊन 1687 साली सिंहलद्वीपास पोचले. त्यांना 2015 साली संतपद देण्यात आले. या मंडळींच्या मानाने आमचे चालणे म्हणजे अंगणातली फेरी. तरी पायाला येणारे फोड संतांना येत तसेच आम्हांलाही येतात.

मी सांगतो ती यात्रा 2022 सालची. शुक्रवार, 25 नोव्हेंबर रोजी आम्ही एकतीस जण निपाणीहून निघालो. त्यांत अकरा स्त्रिया होत्या. तंबाखूच्या वखारीत राबणारे होते, ऊसतोडीच्या आधी मोकळीक मिळालेले दोघे शेतकरी होते, एक परिचारिका होती, आणि आमचे वृद्ध उपदेशक होते. त्यांना सारा गाव मास्तर म्हणतो.

निघण्याच्या आदल्या रात्री पहिली परीक्षा होते ती ओझ्याची. घरची माणसे प्रेमापोटी काय काय बांधून देतात! लोणच्याची बरणी, तीन-तीन चादरी, उशी, पितळेचा तांब्या. मास्तर प्रत्येकाची पिशवी हातात धरून पाहतात व निम्मे सामान परत पाठवतात. एक चादर, एक कांबळे, कपड्यांचे दोन जोड, टॉवेल, ताटली, पेला, विजेरी आणि जपमाळ, एवढ्यात माणसाचा आठवडा निभतो. तांदूळ, पीठ, डाळ व मोठी भांडी टेम्पोत जातात. परंतु आपले पिण्याचे पाणी व अंगावर घ्यायचे कांबळे ज्याने त्याने आपल्याच पाठीवर न्यावे, असा नियम आहे. टेम्पो पुढे निघून गेला आणि माणूस मागे राहिला, तर ही दोनच वस्त्रे-पाण्याची सोय त्याला वाचवते.

आता दिनक्रम. पहाटे साडेतीनला मास्तरांची शिट्टी वाजते. नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या माळावर त्या वेळी चांगलीच थंडी असते. उठायचे, कांबळ्याची घडी करायची, चहा घ्यायचा, उभ्यानेच प्रातःकाळची प्रार्थना म्हणायची आणि चारच्या ठोक्याला पाऊल उचलायचे. त्या वर्षी अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. पहाटे काळोख असा गच्च की पुढच्या माणसाची पाठही दिसू नये. म्हणून ओळ करून, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने चालायचे. पहिल्या माणसाच्या हाती पांढरा दिवा, शेवटच्याच्या हाती तांबडा, आणि मधल्या प्रत्येकाच्या छातीवर प्रकाशात चमकणारा पट्टा. हंगाम उसाचा असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, त्यांवर ऊस रस्त्याच्या बाहेर लोंबणारा, आणि मागे दिव्याचा पत्ता नाही. अशा वाहनापासून पायी चालणाराचा जीव वाचवणे ही भक्तीइतकीच दक्षतेची गोष्ट आहे.

चालता चालता जपमाळ होते. उजाडले की गप्पा सुरू होतात. नऊ-साडेनऊपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर पदरी पडतात. तोवर टेम्पो पुढे जाऊन एखाद्या शाळेच्या पडवीत किंवा आमराईत चूल पेटवून बसलेला असतो. ही रीत आमच्या लोकांनी पंढरीच्या वारकऱ्यांकडून घेतली. आषाढीला आमच्या शेजारची कितीतरी घरे दिंडीबरोबर जातात. दिंडीचा ट्रक मुक्कामावर आधी पोचतो व माणसे येईतो भाकरी तयार ठेवतो, ही त्यांची कित्येक वर्षांची घडी आम्हांला आयतीच शिकायला मिळाली.

अकरा ते साडेतीन विश्रांती. संकेश्वर ते हत्तरगी हा टप्पा उघड्या माळाचा आहे. सावली देणारी जुनी झाडे रस्ता रुंद होताना गेली. दुपारचे ऊन डांबरावरून तोंडावर उलटे येते. त्या वेळी चालणे म्हणजे वेडेपणा. जेवण, थोडी झोप, पायांची निगा, कपडे वाळवणे, आणि शेवटी पवित्र मिस्सा. साडेतीनला पुन्हा निघून दिवस मावळून तासभर झाला की मुक्काम. रात्रीचे जेवण आमटी-भात. साडेआठला दिवे विझतात आणि कोणालाही झोपेची आळवणी करावी लागत नाही. स्त्रियांच्या निजण्याची व प्रातर्विधीची सोय प्रथम पाहायची, मग पुरुषांनी अंथरूण टाकायचे, हाही नियम आहे. ज्या यात्रेत हा नियम पाळला जात नाही, तेथून स्त्रिया पुढच्या वर्षी येत नाहीत. आणि का याव्यात?

दुपारचा सगळ्यांत गंभीर उद्योग पायांचा. फोडातून सुई ओवून दोरा तसाच ठेवायचा, ही आमची जुनी रीत. आमच्या परिचारिका ताईंनी ती बंद केली. दोऱ्यावाटे घाण आत शिरते व फोड पिकतो. लहान फोड असेल तर त्याला हात लावू नये, वर स्वच्छ पट्टी बांधावी. मोठा व दुखरा असेल तर स्वच्छ केलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढावे, परंतु वरची कातडी ओरबाडू नये. तीच खालच्या कोवळ्या कातडीचे पांघरूण असते. मोजे ओले झाले की बदलावे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी नवस असला तरी अनवाणी चालू नये, आणि रोज रात्री तळपाय उजेडात पाहावे, कारण त्यांना जखम झालेली कळतही नाही. ताई दररोज दुपारी एकेकाचे पाय मांडीवर घेऊन तपासत बसत. ते दृश्य पाहताना पवित्र गुरुवारचा विधी माझ्या मनात आला नाही असे कसे म्हणू?

हत्तरगीच्या अलीकडे आमच्यापैकी काहींचे पाणी संपले. रस्त्याकडेच्या एका मळ्यातून एक बाई कळशी घेऊन धावत आली. "नीर कुडीरी," म्हणाली. तिला मराठी येत नव्हते, आमच्यातील बहुतेकांना कानडी जेमतेम येत होते. वाचकांना आठवत असेल, त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न पुन्हा तापला होता आणि 6 डिसेंबरला बेळगावाजवळ गाड्यांवर दगडही पडले. 1956 पासूनचे हे दुखणे आहे. त्याचा निकाल न्यायालय देईल. त्या बाईने मात्र आम्हांला पाणी देताना कोणत्या भाषेत तहान लागली आहे हे विचारले नाही. दोन दिवसांनी बेळगावात कोंकणी बोलणारी सात माणसे आम्हांला मिळाली, आणि त्यानंतर जपमाळेचे पहिले रहस्य मराठीत, दुसरे कोंकणीत, तिसरे कानडीत असे चालू लागले.

पाण्यावरून एक दूरदेशची गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात मेक्सिकोच्या सरहद्दीपासून कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत एक पायवाट आहे. तिला पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल म्हणतात. लांबी सुमारे 4,265 किलोमीटर. 1968 साली तेथील सरकारने तिला राष्ट्रीय वाट म्हणून मान्यता दिली व 1993 साली ती पूर्ण झाली. दक्षिणेस मोहावीचे वाळवंट, मग सिएरा नेवाडाचे बर्फाळ डोंगर, आणि उत्तरेस दाट अरण्ये. संपूर्ण वाट चालणाऱ्यास बहुधा पाच महिने लागतात. त्यांचा दिनक्रम ऐकला तर आपलाच वाटतो: पहाटेच्या थंडाव्यात चालणे, दुपारी मिळेल त्या झुडपाच्या सावलीत पडून राहणे, संध्याकाळी पुन्हा चालणे. वाळवंटात पाच-सहा लिटर पाणी पाठीवर घ्यावे लागते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच पाच-सहा किलो ओझे. अन्नाची खोकी टपालाने पुढच्या गावी धाडून ठेवतात. आणि वाटेकडेचे काही लोक अनोळखी वाटसरूंना पाणी, फळे, एका रात्रीचा निवारा देतात. त्यांना तिकडे 'वाटेवरचे देवदूत' अशा अर्थाचे नाव आहे. आमच्या कळशीवाल्या बाईला ते नाव खचित शोभले असते.

त्या वाटेवर एक शिरस्ता मात्र निराळा आहे. ज्याने त्याने आपल्या पावलाने चालावे, दुसऱ्याच्या वेगाशी आपला वेग बांधू नये, असे तेथील लोक एकमेकांस सांगतात. पाच महिने रानात काढणाऱ्या एकट्या माणसाला तो शहाणपणाचाच आहे. दुसऱ्याच्या ईर्ष्येने धावणारा तेथे गुडघे मोडून घेतो. परंतु आमची वाट समुदायाची. तेथे हा प्रश्न कसा उभा राहिला, ते आता सांगतो.

आमच्यात अडुसष्ट वर्षांच्या एक आजी होत्या. त्यांच्या पतीने बारा वर्षे पायी गोव्याला जाण्याचा नवस केला होता. अकरा वाऱ्या झाल्या आणि त्या वर्षीच्या उपवासकाळात ते देवाघरी गेले. बारावी वारी पुरी करायला आजी त्यांची काठी घेऊन निघाल्या होत्या. बेळगावपर्यंत त्या बेताने आल्या. 28 तारखेला बेळगाव सोडले, पिरनवाडी, किणये, कुसमळीजवळचा मलप्रभेवरचा पूल, असा तीस किलोमीटरांचा दिवस होता. आजी मागे पडत गेल्या. तांबडा दिवा धरणारा तरुण त्यांच्याबरोबर थांबे, पुढची ओळ दूर जाई, मग पुढचे थांबत, आजी पोचत, आणि त्या पोचताच विश्रांती घेतलेले पुढचे लोक ताजेतवाने होऊन पुन्हा निघत. विश्रांतीची सर्वाधिक गरज जिला होती, तिलाच ती मिळत नव्हती. जांबोटीला पोचायला रात्रीचे साडेनऊ वाजले.

जेवणानंतर कुजबुज सुरू झाली. तरुणांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पुढे जंगल होते, आणि जंगलात अंधार पडल्यावर चालायचे नाही हा आमचा कडक नियम. या चालीने गेलो तर एक दिवस मागे पडणार. 1 डिसेंबरला पोचून, एक दिवस विसावा व पापनिवेदन करून, सणाला ताजेतवाने उभे राहायचे असे ठरले होते. दोघांना तर शुक्रवारी, 2 तारखेला, कामावर हजर व्हायचे होते. ते जुन्या गोव्यात पोचून दर्शन घेऊन लगेच परतणार होते. दिवस चुकला तर त्यांची यात्राच अपुरी राहणार होती.

मी आजींजवळ जाऊन बसलो. म्हटले, "आजी, उद्यापासून टेम्पोत बसा."

"टेम्पोत बसायचं असतं तर एष्टीनंच आले असते की, फादर."

मी त्यांना समजावले की नवस ज्याने केला त्यालाच तो बांधतो. पतीच्या नवसाचे बंधन पत्नीवर नाही, असा ख्रिस्तसभेचा कायदा आहे. शिवाय योग्य कारण असेल तर खासगी नवसातून मोकळे करण्याचा अधिकारही धर्मगुरूला आहे. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. मग काठीकडे पाहत म्हणाल्या, "ते मला ठावं हाय. मालकांनीच सांगितलेलं. पण मोजणी माझ्याजवळ हाय, फादर. अकराच झाल्यात." थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "तुमी फुडं जावा. मी सावकाश येते. देव हाय."

अडुसष्ट वर्षांच्या बाईला त्या जंगलात एकटी सोडून पुढे जावे, असे कोणाच्याही मनात नव्हते. पण तिच्यासाठी दिवस चुकवावा, असेही सर्वांच्या मनात नव्हते. शेवटी मास्तर उठले. ते फार बोलत नाहीत. म्हणाले, "उद्या आजी पुढं चालतील. पांढरा दिवा त्यांच्या हातात. त्यांच्या म्होरं कुणी जायचं नाही." एवढे बोलून ते झोपायला गेले.

ज्या दोघांना कामावर जायचे होते त्यांच्याशी मी त्या रात्री बोललो. दुसऱ्या दिवशी कणकुंबीपर्यंत ते आमच्याबरोबर चालले आणि तेथून बसने पुढे गोव्याला गेले. जाताना सर्वांनी त्यांना निरोप दिला. कोणी त्यांना कमी लेखले नाही. त्यांच्या घरी तीन आणि चार अशी लेकरे आहेत. लेकरांच्या भाकरीसाठी चुकलेली वाट देवाच्या हिशेबात चुकलेली धरली जात नसावी, अशी माझी श्रद्धा आहे. तथापि निर्णयाची किंमत त्यांनी दिली, हे विसरून चालणार नाही. कोणासाठी थांबायचे म्हटले की ती किंमत कोणाला तरी द्यावीच लागते.

आता आजी पुढे चालू लागल्या आणि एक नवल घडले. त्या थांबत तेव्हा सगळेच थांबत, म्हणून त्यांना खरी विश्रांती मिळू लागली. मागे पडण्याची लाज गेल्यामुळे त्या घाईने धापा टाकीनाशा झाल्या. त्यांचा वेग बेळगावच्या दिवसापेक्षा वाढलाच. ओळ तुटेना, वाट पाहणे संपले. त्या दिवशी सोळा-सतरा किलोमीटरच झाले, पण दुपार टळता टळता सर्व माणसे एकत्र कणकुंबीत पोचली आणि त्या आठवड्यात प्रथमच कोणी कोणाची चौकशी केली नाही. कारण सर्वजण समोरच होते.

कणकुंबी हे गाव लहान, परंतु त्याच्या परिसराची थोरवी मोठी. येथे मलप्रभा उगम पावते व पूर्वेस वाहत जाऊन कुडलसंगम येथे कृष्णेला मिळते. याच डोंगरभागात म्हादई जन्म घेते आणि पश्चिमेस वाहत मांडवी या नावाने जुन्या गोव्याच्या पायथ्याशी येते. एकाच पावसाचे पाणी. एक थेंब बंगालच्या उपसागरास, दुसरा अरबी समुद्रास. या पाण्यावरूनही राज्याराज्यांत तंटा आहे. 2018 साली लवादाने निवाडा दिला तरी तो मिटलेला नाही. आम्ही मात्र मलप्रभेचे पाणी पिऊन निघालो आणि पुढे म्हादईच्या पाण्याची सोबत धरली. गावातील एका हिंदू कुटुंबाने आमच्या स्त्रियांसाठी आपली पडवी मोकळी करून दिली व सकाळी सर्वांना ताक दिले. पैसे पुढे केले तेव्हा घरधनीण म्हणाली, "देवाला चाललाय ना? मग आमच्या नावानं एक दिवा लावा." तो दिवा आम्ही लावला.

कणकुंबीपुढचे रान निराळेच आहे. माळावर माणूस डोळ्यांनी चालतो, जंगलात कानांनी. एका बाजूस भीमगडचे अभयारण्य, 2011 साली घोषित झालेले. घाटाखाली 1999 सालचे म्हादईचे अभयारण्य. जांभूळ, अंजनी, हिरडा, किंजळ यांच्या गर्दीतून ऊन कवडशाकवडशाने खाली येते. शेकरू फांदीवरून फांदीवर झेप घेते. धनेश पक्ष्याच्या पंखांचा आवाज एवढा मोठा की नवख्या माणसाला वाटावे, वर काहीतरी यंत्र चालले आहे. गवे आहेत, अस्वले आहेत, बिबटे आहेत, आणि वाघही आहे. जानेवारी 2020 मध्ये म्हादईच्या रानात एक वाघीण व तिचे तीन बछडे मृत सापडले होते. ती वार्ता तेव्हा सर्वत्र झाली. म्हणून येथे नियम बदलतात. पहाटे चारला निघायचे नाही, नीट उजाडल्यावर निघायचे. रस्ता सोडायचा नाही. चूल रानात पेटवायची नाही, जेवण कणकुंबीतूनच बांधून न्यायचे. मोठ्याने गायचे नाही. जपमाळही येथे हळू आवाजात होते, आणि मला वाटते, तीच अधिक मनापासून होते.

चोर्ल्याच्या परिसरात कर्नाटक, गोवा व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या सीमा जवळ येतात. तेथून घाट उतरू लागतो. ज्यांनी चढाची धास्ती घेतली होती त्यांना येथे कळते की खरे दुखणे उतारात आहे. चढाला छाती लागते, उताराला गुडघे. प्रत्येक पावलाला शरीराचा सारा भार पुढच्या पायावर आदळतो. तीन वळणे उतरल्यावर आजी थांबल्या. मागे वळून मला म्हणाल्या, "फादर, टेम्पो कुटं हाय?"

मला हसू आवरेना. म्हटले, "आणि मोजणी?"

"घाट चडून आले न्हवं? गुडघं मोडून घरी गेले तर मालक वरनं मलाच बोलतील. ते हट्टी न्हवते माझ्यावानी."

आजी टेम्पोतून केरीला गेल्या आणि पांढरा दिवा त्यांनी जाताना आमच्यातील सर्वांत उतावळ्या तरुणाच्या हाती दिला. तो त्या घाटात इतका जपून चालला की मागच्यांना त्याला "चल रे जरा" म्हणावे लागले. खाली अंजुणे धरणाचे पाणी चमकत होते. केरीत आजी चहा करवून वाट पाहत बसल्या होत्या. तेथून पुढची सारी वाट त्या पायी चालल्या.

गोव्यात उतरल्यावर दिवस सोपे झाले. हवा दमट, रात्री उबदार, वाटेत माणसे ओळखीच्या हसण्याने हात जोडणारी. साखळी, आमोणे, माशेल, बाणस्तारीचा पूल, असे करीत 2 डिसेंबरच्या संध्याकाळी आम्ही जुन्या गोव्यात पोचलो. ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा. विसाव्याचा दिवस बुडाला, पापनिवेदनासाठी रात्री रांगेत उभे राहावे लागले. दुसऱ्या दिवशी बॉम जेझू मंदिराच्या आवारात अथांग गर्दीत मिस्सा झाली. दशवार्षिक दर्शनाचे वर्ष नसल्यामुळे संतांची चांदीची पेटी मंदिरात, उंच संगमरवरी समाधीवर होती. आजींनी ती दुरूनच पाहिली. मग बाहेर येऊन सावलीत बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि बोटे मिटून म्हणाल्या, "बारा." दुसरे काही बोलल्या नाहीत.

वाचकहो, आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पायी जाऊन काय मिळते? मी एवढेच सांगू शकतो की वाटेवर जे आठ दिवस कळते ते घरी कळायला वर्षे लागतात, कारण घरी अंतर दिसत नाही. रविवारी मिस्सेला येणारी आमची कुटुंबे एकदा पाहा. नवरा दहा पावले पुढे, हात रिकामे. त्यामागे मोठी मुले. सर्वांत मागे बायको, कडेवर लेकरू, हातात पिशवी. आणि तिच्याही मागे भिंतीचा आधार घेत येणारी सासू. देवळाच्या दाराशी पोचल्यावर नवरा वळून म्हणतो, "किती उशीर!" बेळगाव ते जांबोटीच्या रस्त्यावर आमचे हेच चालले होते. पुढचे विसावत होते, मागची धापा टाकीत होती, आणि उशिराचा दोष तिच्याच माथी येत होता.

ही गोष्ट चालण्यापुरतीच आहे असे नाही. ज्या घरात एक मूल अभ्यासात मागे आहे, ज्या घरात एक माणूस दुखण्याने अंथरुणाला खिळले आहे, ज्या घरात एक भाऊ कमाईत कमी पडतो, त्या घरांत ओळ अशीच तुटते. तेथे मागच्याला "लवकर चल" म्हणून काही साधत नाही. दिवा त्याच्या हाती द्यावा आणि आपण त्याच्या मागे चालावे. सगळ्यांना थोडा उशीर होईल, कोणाला तरी काही सोडावे लागेल; त्याची चर्चा घरात मोकळेपणाने व्हावी. पण सगळे पोचतील.

यंदाही नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघू. यायचे असेल त्यांनी महिनाभर आधीपासून रोज सकाळी तासभर चालण्याचा सराव करावा, नव्या वहाणा वाटेवर प्रथम घालू नयेत, औषधे बरोबर घ्यावी आणि लोणच्याची बरणी घरी ठेवावी. ज्यांना खाडा परवडत नाही त्यांनी मुळीच संकोच करू नये. त्यांनी पुढल्या रविवारी देवळाला येताना एवढेच करावे, की घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला पुढे घालावे.